जमीन घेण्याआधी ही फेरी करा: कशेळीचा सडा ते गावखडीची पुळण

कोकणात समुद्र दिसेल असा तुकडा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने आधी ही एक दिवसाची फेरी करावी आणि मगच साठेखताला, म्हणजे खरेदीच्या कराराला, हात घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फेरी रत्नागिरी जिल्ह्यातली. कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, उजाडताना सुरू होते आणि मुचकुंदी नदीच्या मुखाशी, गावखडीच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, दिवस मावळताना संपते. गावातलीच चार-पाच तरुण मुलं ती चालवतात. माणशी 1200 रुपये घेतात, त्यात सकाळचा चहा-पोहे आणि दुपारचं जेवण येतं. एका वेळी दहा-बाराच माणसं नेतात. नाव, पाटी, जाहिरात असं काही नाही. ओळखीतून नंबर मिळतो, फोन करायचा, ते तिथीप्रमाणे दिवस सांगतात.

तिथीचं कारण पुढे येईल. आधी मी हे कुठल्या नजरेने लिहिते आहे ते सांगते. मी जमीन मोजणीच्या कामातली. मोजणीची साखळी आणि प्लेन टेबल पाहिले, ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मशीन खांद्यावर वाहिलं, आता उपग्रहाच्या मदतीने मोजणारा रोव्हर आलाय. रत्नागिरी जिल्ह्यातली पुष्कळ गावं मी गट नंबरांनी ओळखते. पण हद्दीच्या खुणा शोधत चालणारा माणूस पायाखालच्या जमिनीकडे फारसं बघत नाही, त्याचं लक्ष नकाशातल्या रेघेवर असतं. ही फेरी नेमकं उलटं करते. कागद घरी ठेवायला लावते आणि जमिनीनेच स्वतःबद्दल काय लिहून ठेवलंय ते एकेक करून दाखवते.

सड्यावर उजाडायच्या आत पोचवतात. पहिल्यांदा वाटलं, कशाला एवढा आटापिटा. कारण तिथे गेल्यावरच कळतं. कशेळीचा तो जमिनीच्या कातळात कोरलेला प्रचंड हत्ती, सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच, उन्हं डोक्यावर आली की जवळजवळ पुसल्यासारखा होतो. सूर्य क्षितिजालगत असताना मात्र कोरलेल्या रेघेच्या एका काठाची सावली रेघेत पडते आणि हत्तीची पाठ, सोंड, पाय एकेक करून जमिनीतून वर येतात. त्याच्या पोटात आणखी कितीतरी चित्रं आहेत, मासे, पक्षी, इतर प्राणी. ती शोधायला पंधरा-वीस मिनिटं कोणी काही न बोलता नुसतं उभं राहू देतात. मला हे फार आवडलं. बहुतेक वाटाडे दोन मिनिटंही गप्प बसत नाहीत.

चपला बाहेर काढायच्या आणि कोरीव रेघेवर पाऊल ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. आमच्यातल्या एका गृहस्थांनी फोटो उठावदार यावा म्हणून रेघांत रांगोळी भरायचं सुचवलं. मुलाने हात जोडून सांगितलं, "काका, रांगोळी झाडताना खराट्याने कातळाचा वरचा पापुद्रा निघतो. असं दहा जणांनी केलं की रेघ उथळ होते." मग त्याने एका रेघेत बोट घालून दाखवलं. आतल्या बाजूला काळपट-करडं दगडफूल धरलेलं होतं, आणि जिथे कधीकाळी कोणीतरी घासलं असावं तिथे जांभ्याचा, या तांबड्या सच्छिद्र दगडाचा, ताजा तांबूस रंग उघडा पडला होता. दोन्ही गोष्टी एका वितीच्या आत. नियम का आहे हे सांगण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

2022 साली कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं फणसाईमाळ. कशेळी त्यात आहे, तशीच रुंढे तळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, उक्षी वगैरे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई या शोधकांनी वर्षानुवर्षं सडे पायी तुडवले नसते तर यातलं बरंचसं आजही गावाबाहेर माहीत नसतं. पण या फेरीत हत्तीकडे केवळ कला म्हणून बघू देत नाहीत. मुलाने विचारलं, "या चित्रांत काय नाही ते सांगा." आम्ही विचार करत राहिलो. नांगर नाही, शेत नाही. आणि कोकणच्या कातळशिल्पांत जे आहे त्यात एकशिंगी गेंडाही आहे. गेंडा कोकणात आज कुठे? त्याला दलदल लागते, उंच गवत लागतं. म्हणजे ज्यांनी तो कोरला त्यांना तो ओळखीचा होता आणि त्यांच्या भोवतालचा मुलूख आजच्यासारखा नव्हता.

त्यांचा समुद्रही आजच्या जागी होताच असं नाही. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. किनारा कितीतरी पश्चिमेला होता आणि आज जिथे ट्रॉलर जाळी टाकतात तिथे कोरडी जमीन होती. मग बर्फ वितळत गेलं, पाणी चढत आलं आणि सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास येऊन स्थिरावलं. ही शिल्पं मध्याश्मयुगातली असावीत असा अभ्यासकांचा कयास आहे. तो धरला, तर कोरणाऱ्यांच्या पिढ्यांनी समुद्र जवळ येताना पाहिला असणार. हे शेवटचं वाक्य माझं आहे, मुलांचं नाही. त्यांनी कयास आणि पुरावा यांत फरक ठेवला, याचे मी त्यांना जास्तीचे गुण देते.

सड्याबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण फेरीचा गाभा तिथेच आहे. आमच्या सातबाऱ्यावर सडा बहुतेक ठिकाणी पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला अयोग्य जमिनीत, पडतो. पीक येत नाही, आकार (शेतसारा) नाही, म्हणून त्याकडे लक्षही नाही. इथे मुलांनी आम्हाला सड्याच्या कडेच्या, जांभ्याचे चिरे काढायच्या एका जुन्या चिरेखाणीत उतरवलं. खाणीची उभी भिंत ही या सगळ्या दिवसातली सर्वांत मोलाची जागा. वर सहा-सात हात कडक जांभा, भोकाभोकांचा, विटकरी-तांबडा. खाली उतरावं तसा तो मऊ होत जातो, पिवळे-पांढरे डाग वाढतात आणि तळाला गुळगुळीत, ओलसर शेडी, म्हणजे मऊ चिकणमाती, लागते. ओली शेडी बोटांत चुरली की साबणासारखी वाटते.

हे झालं कसं, तर मूळचा काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवामानाचा लांबलचक काळ गेला. पावसाच्या पाण्याने दगडातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा जांभा झाला. म्हणजे जांभा हा एका हवामानाचा दाखलाच आहे. भिजण्याचे आणि सुकण्याचे हंगाम पाळीपाळीने आल्याशिवाय तो असा बनत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावरचा जांभा आणि आमच्या कोकणच्या सड्यांचा जांभा, दोन्ही वेगवेगळ्या उंचीवर बसलेले आहेत. मधल्या उतारांवर तो नाही. सह्याद्रीचा कडा मागे मागे सरकत गेला आणि खालच्या सपाटीवर पुन्हा नव्याने जांभा धरला, असं भूशास्त्रज्ञ मांडतात. ते ऐकून मी गाडीच्या दिशेने नव्हे तर पूर्वेला, घाटाच्या निळ्या रेघेकडे बघत राहिले.

आता माणसाचा भाग. जांभा जमिनीतून ताजा काढताना कापायला सोपा असतो आणि उघड्यावर हवा-ऊन खाऊन कडक होतो. म्हणून तर कोकणातली घरं, देवळं, गडगे, पाखाड्या, सगळं चिऱ्याचं. हाताने चिरा पाडायचे तेव्हा खाण हळू वाढायची. आता मशीनची पाती फिरतात आणि एका हंगामात गटच्या गट खाली जातो. मुलांनी चिरेखाणवाल्यांना शिव्या घातल्या नाहीत. त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांनी खाणीवर काम केलेलं आहे. त्याने फक्त पाण्याची वाट दाखवली. पाऊस सडा पितो, जांभ्याच्या भोकांतून पाणी उतरतं, शेडीपाशी अडतं आणि मग उताराच्या पायथ्याला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. तिथेच कुळागरं, तिथेच पोफळी, तिथेच वाडी. आपल्याकडची घरं सड्यावर का नाहीत आणि पायथ्याला का आहेत याचं उत्तर त्या शेडीच्या थरात आहे. वरचा जांभा काढून घेतला की पाणी साठवणारा थर तेवढा कमी होतो, आणि खाण शेडीपर्यंत गेली तर खालच्या पऱ्यात (ओढ्यात) माती उतरते. त्या खाणीच्या एका कोपऱ्यातून पावसाळ्यात वाहिलेल्या पांढुरक्या गाळाची पट्टी खालच्या वाफ्यापर्यंत गेलेली आम्हाला स्वच्छ दिसली.

सड्यावर सुरुंग लावून, बाहेरून माती आणून कलमं लावलेली असतात, तेही दाखवतात. हापूसने या जिल्ह्याला पोसलं आहे, त्यामुळे कोणी नाक मुरडायचं कारण नाही. पण ज्या कातळात पावसाळ्याचे चार महिने कीटकभक्षी सीतेची आसवं आणि कितीतरी छोटी फुलं येतात, तिथे पोकलेन फिरवायच्या आधी एकदा खाली वाकून बघावं, एवढं तरी प्रत्येकाने करावं. कातळशिल्पं तर अशा सपाटीकरणात कायमची जातात. ती पुन्हा काढता येत नाहीत.

कशेळीच्याच देवघळी किनाऱ्याच्या कड्यावरचा थांबा छोटा आहे. कठड्याशी उभं राहायचं, खाली दोन्ही बाजूंच्या कड्यांत सापडलेली वाळूची चंद्रकोर बघायची. कड्याच्या पायथ्याशी घरापेक्षा मोठे जांभ्याचे धोंडे कोसळून पडलेले असतात. वर कडक, खाली मऊ. लाटांनी आणि पाझरणाऱ्या पाण्याने खालचं मऊ खाल्लं की वरचं छप्पर सुटतं. वर सडा अगदी काठापर्यंत सपाट आणि भरवशाचा वाटतो. "प्लॉटवाले गिऱ्हाईक आणतात तेव्हा इथपर्यंतच आणतात, खाली बघायला नेत नाहीत," हे आमच्या वाटाड्याचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. कड्याच्या काठाला समांतर पडलेली एक चीर त्याने दाखवली, हाताचा पंजा जाईल एवढी. त्या चिरीच्या समुद्राकडच्या बाजूला उभं राहू देत नाहीत. ते योग्यच आहे.

तिथून खाडीकडे आणतात आणि इथे तिथीचा उलगडा होतो. ही फेरी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच ठेवतात. तेव्हा उधाण असतं आणि आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारच्या आधी भरते, पूर्ण ओहोटी संध्याकाळी होते. म्हणजे खारीच्या (खाडीतून मिळवलेल्या शेतजमिनीच्या) बांधावर अकराच्या सुमारास पोचलं तर पाणी बांधाला टेकलेलं सापडतं आणि संध्याकाळी पुळण पूर्ण उघडी. ज्याने कोणी हे वेळापत्रक बसवलं त्याला जमिनीची आणि पाण्याची दोन्हीची समज आहे.

मुचकुंदी लांज्याकडे माचाळच्या डोंगरात उगवते आणि पूर्णगडच्या किल्ल्याखाली समुद्राला मिळते. तिची खाडी म्हणजे मुळात समुद्र चढला तेव्हा बुडालेली दरी. अशा बुडालेल्या दऱ्यांत गाळ साठला, गाळावर तिवर-चिपी-कांदळ ही खारफुटीची झाडं उभी राहिली आणि मग माणसाने चिखलाचे, दगडाचे बांध घालून त्यातले तुकडे समुद्राकडून मागून घेतले. त्या आपल्या खारी. बांधावर उभं राहिलं की डाव्या हाताला खाडीचं पाणी आणि उजव्या हाताला शेत, आणि शेत पाण्याच्या पातळीच्या खाली. हे मी कागदावर हजारदा पाहिलंय, गटाची हद्द बांधाच्या मध्यातून जाते. भरतीच्या वेळी त्या हद्दीवर उभं राहणं वेगळं. बांध तुमच्या पायाखाली ओला होत असतो. खेकड्यांनी पोखरलेल्या बिळांतून उजव्या बाजूला बारीक धारा फुटतात, आणि एका जागी तर पाणी बुडबुड करत वर येत होतं. बांध असाच आतून जातो. एक बीळ, मग घळ, मग भगदाड.

बांधातल्या उघाडीचं, म्हणजे पाण्याच्या दाराचं, झापड कसं चालतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं तेव्हा ते मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर रेटतं तेव्हा उघडतं. कोणी माणूस लागत नाही. माणूस लागतो तो बांधाला, दर वर्षी चिखल चढवायला. बांधावर भेटलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "पयले आमी सगली वाडी मिलून बांध घालायचो. आता मानसंच नाय ऱ्हायली, घालनार कोन?" माणसं मुंबईला गेली आणि बांध कमी झाला, मग खार फुटली, खारं पाणी आत आलं, भात जळला, जमीन पडीक राहिली आणि काही वर्षांत तिथे आपसूक तिवर उगवले. हाताच्या अंतरावर, बांधाच्या जुन्या दगडी पिचिंगच्या दोन्ही बाजूंना आता कांदळवनच आहे. दगड सांगतात की इथे शेत होतं, झाडं सांगतात की आता नाही.

इथे माझ्या धंद्याचा प्रश्न येतो आणि तो मी जेवतानाही सोडला नाही. सातबाऱ्यावर ती भातशेती आहे, कधीकाळी कसणाऱ्याचं नाव आहे. जागेवर ती कांदळवन आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर कांदळवनाला हात लावता येत नाही, ते खाजगी असलं तरी. शासनाने 1979 साली महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम केला तो बांध राखले जावेत म्हणून. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र मधल्या काळात जमीन एका कायद्यातून दुसऱ्यात सरकली, आणि ते सातबाऱ्यावर कुठेच दिसत नाही. ज्याला असा "खाडीकिनारी शेतजमीन, स्वस्तात" तुकडा दाखवला जातो, त्याला हे बांधावर उभं राहिल्याशिवाय कळणार कसं? म्हणून मी सुरुवातीलाच साठेखताचं लिहिलं.

जेवण एका घरच्या पडवीत. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, ओल्या काजूची उसळ, सोलकढी. साधं आणि उत्तम. मासे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं.

दुपारच्या भागाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. जेवणानंतर दोन तास मोकळे सोडतात, उन्हाचं कारण सांगून. ऊन असतं, मान्य. पण त्याच वेळात एखाद्याने पडवीतच बसून जुने आणि नवे नकाशे समोर ठेवले तर दिवसाचं वजन दुप्पट होईल. ते जो हाताने काढलेला नकाशा वाटतात त्याला प्रमाण नाही, उत्तर दिशाही नाही. सड्यावरची खाण आणि खारीचा बांध त्यात शेजारी शेजारी आलेत. जमीन वाचायला शिकवणाऱ्यांनी नकाशा इतका ढिला ठेवू नये. शाळेतल्या मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी स्वतःचा नकाशा बरोबर न्यावा.

दुसरी तक्रार खारीवरच्या वेळेची. एवढ्या महत्त्वाच्या जागी आम्ही जेमतेम पाऊण तास होतो. पाणी उतरू लागेपर्यंत थांबायला हवं होतं, उघाडी उघडताना बघायला. भरती आणि तिचं परतणं असं दोन्ही बघितल्याशिवाय खार समजत नाही.

संध्याकाळी गावखडी. पूर्णगडकडून पूल ओलांडला की खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची जीभ लांब गेलेली दिसते आणि तिच्यावर सुरूचं बन. इथे कासवांची घरटी राखली जातात, त्याबद्दल पुष्कळांना माहीत आहे. मुलं मात्र कासवांकडे उशिरा नेतात. आधी वाळूच्या पायऱ्या मोजायला लावतात. पाण्याच्या कडेपासून वर येताना पहिली ओली सपाट पट्टी, मग रोजच्या भरतीची कचऱ्याची रेघ, तिच्या वर उधाणाची रेघ, तिच्या वर मर्यादवेल. मर्यादवेलाच्या मुळांनी धरलेली वाळू छोट्या टेकाडासारखी झालेली असते, तिच्या मागे केवडा, मग मोठी झाडं. वेलीची पट्टी जिथे अखंड आहे तिथे टेकाड उंच आहे. जिथे गाड्यांनी चाकोरी पाडली आहे तिथे टेकाडाला खिंड पडली आहे आणि उधाणाची रेघ थेट त्या खिंडीतून आत गेली आहे. आमच्या मापाच्या कामात दोन खुंट्यांमध्ये दोरी धरतात, तसं मुलांपैकी एकाने आमच्यातल्या दोघांना दोन भरतीरेषांवर उभं केलं. चाकोरी नसलेल्या जागी अंतर भरपूर, चाकोरीच्या जागी दोघं जवळजवळ खांद्याला खांदा लावून. बोलण्याची गरजच उरली नाही.

सुरू आपल्याकडचा नाही, वाऱ्याला आणि वाळूला अडवायला लावलेला आहे. त्याची सावली छान, पण खाली सुयांचा थर पडतो आणि दुसरं फारसं काही उगवत नाही. काठावरच्या काही झाडांची मुळं उघडी पडलेली, वाळू त्यांच्याखालून गेलेली. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ रत्नागिरीजवळून गेलं तेव्हा या सगळ्या किनाऱ्याने मार खाल्ला. वादळात गेलेली वाळू पुढच्या सुगीच्या महिन्यांत बरीचशी परत येते. पावसाळ्यात किनारा बारीक होतो, थंडीत पुन्हा भरतो, हे त्याचं दर वर्षीचं चालणं आहे. परत यायला वाळू मात्र शिल्लक हवी. खाडीतून ती सक्शन पंपाने उपसली, नदीवर धरणं घातली, तर पुळणीला मिळणारा वाटा कमी होतो. आणि मग धूपप्रतिबंधक बंधारा मागितला जातो. बंधाऱ्यामागचं घर वाचतं हे खरं आहे, तिथे राहणाऱ्यांना तो हवाच असतो. पण लाट दगडावर आपटून परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते आणि बंधारा जिथे संपतो तिथून पुढच्या शेजाऱ्याचा किनारा जास्त खचतो. मुलांनी हे सांगितलं तेव्हा आमच्यातले एक जण, ज्यांचं स्वतःचं घर दुसऱ्या एका गावात बंधाऱ्यामागे आहे, बराच वेळ वाद घालत होते. मुलं चिडली नाहीत. त्यांनी पुन्हा दोरी काढली.

याच ठिकाणी केळशीचा विषय निघाला. दापोली तालुक्यात भारजा नदीच्या मुखाशी वाळूची जी मोठी टेकडी आहे तिचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या डॉ. अशोक मराठे यांनी केला. वाळूच्या थरांत खापरं, हाडं, जुनी नाणी सापडली, आणि ही टेकडी त्सुनामीने आणून टाकलेल्या वाळूची असावी अशी मांडणी त्यांनी केली. 1524 साली दाभोळजवळ समुद्रात वास्को द गामाच्या आरमाराला भूकंपाचे धक्के बसल्याची पोर्तुगीज नोंद आहे, तिच्याशी त्यांनी ते जोडलं. पुढे त्या टेकडीचा काही भाग रस्त्या-पुलाच्या कामात कापला गेला. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो. एखाद्याच्या घरातलं जुनं दप्तर जाळलं तर आपण गुन्हा दाखल करू. वाळूच्या टेकडीला तसा वाली नसतो, कारण ती कोणाच्या दप्तरात नोंदलेलीच नाही.

मुलांची माहिती एकंदर पक्की आहे. एक-दोन ठिकाणी ऐकीव गोष्टी शास्त्राच्या सुरात आल्या, खासकरून देवाचे गोठण्याच्या कातळावर होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं त्याबद्दल. तिथे होकायंत्र फिरतं हे खरं आणि प्रसिद्ध आहे. पण "पूर्वजांना हे माहीत होतं म्हणून त्यांनी तीच जागा निवडली" हे त्यांनी ठामपणे सांगू नये. बाकी सगळीकडे ते इतके काटेकोर आहेत की हे एवढं खटकतं.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी. चालणं मिळून पाच-सहा किलोमीटर, चढ-उतार फार नाही, पण चिरेखाणीत उतरताना आणि बांधावर गुडघेदुखीवाल्यांना त्रास होईल. बांधावर चिखलात घसरणार नाहीत असे बूट घाला. सड्यावर सावलीला एकही झाड नाही, टोपी आणि दोन बाटल्या पाणी लागतंच. स्वच्छतागृह फक्त जेवणाच्या घरी आहे, आणि बायकांसाठी ही मोठी अडचण आहे. सड्याच्या पायथ्याच्या वाडीत एखाद्या घराशी बोलून त्यांनी ती सोडवली पाहिजे, पैसे वाढवले तरी चालतील. रत्नागिरीहून पावस गावावरून गाडीने सहज पोचता येतं, पण उजाडताना हजर राहायचं तर आदल्या रात्री कशेळी-आडिवऱ्याकडे मुक्काम करावा.

कार्तिक ते फाल्गुन हा उत्तम काळ. चैत्र-वैशाखात सडा भाजतो. पावसाळ्यात फक्त सड्याची छोटी फेरी ठेवतात, फुलांसाठी. ती मी अजून केलेली नाही, या श्रावणात जाणार आहे. मुलांना माझं एकच मागणं: खारीचा भाग वेगळा काढा, अर्ध्या दिवसाचा करा, भरती चढण्याआधी न्या आणि उतरेपर्यंत बसवा. त्याचे वेगळे 600 रुपये घेतलेत तरी मी पहिलं नाव नोंदवीन, आणि आमच्या कामातल्या चार जणांना बरोबर आणीन.